ओकला बोर्डो लावला तो उन्हाळा

गेले पंधरा दिवस इथं इंग्लंडात, आमच्या रीडिंगमध्ये, पावसाचा थेंब नाही. ऑफिसात जो तो बाह्या वर करून "लव्हली, इजन्ट इट?" म्हणत हिंडतोय. मधले दोन उन्हाळे निव्वळ पाण्यात गेले, त्यामुळे चार दिवस ऊन पडलं तर लोकांना लॉटरी लागल्यासारखं झालंय. मला मात्र धस्स होतं. लॉनच्या कडा पिवळ्या पडल्या, वाळक्या गवताचा तो करपट वास नाकात शिरला, की मला दोन हजार सहाचा उन्हाळा आठवतो. बाबा आठवतात आणि ते झाड आठवतं. त्यात या शनिवारी बाबा पुन्हा येतायत. तिकीट काढल्या दिवशी फोनवर म्हणाले, "विमानातून उतरलो की पहिले झाड पाहीन वं, मग चहा." आणि झाड नाहीये. पाडून सहा महिने होऊन गेले. मी त्यांना ते सांगितलेलं नाही. नुसतं सांगितलं नाही असंही नाही, दर रविवारी फोनवर ते झाड मी हिरवंगार ठेवलंय.

आमचं घर वसाहतीच्या अगदी टोकाला. मागचं कुंपण संपलं की शेत सुरू होतं, आणि शेताच्या बांधावरून एक पायवाट पलीकडच्या खेड्यात जाते. त्या वाटेवर दहा मिनिटं चाललं की तो ओक. तिघांनी हात धरले तरी कवेत न मावणारं खोड, एका बाजूला माणूस उभा राहील एवढी ढोली, आणि फांद्या तर अशा अस्ताव्यस्त की खाली वाकून पुन्हा वर गेलेल्या. गावातल्या चर्चपेक्षा झाड जुनं आहे असं तिथले लोक सांगत. खरंखोटं देव जाणे. खरं सांगायचं तर बाबा येईपर्यंत चार वर्षांत मी त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नव्हतं. एम-फोरवरचा ट्रॅफिक, टेस्टिंगच्या डेडलाइन, रविवारी स्लाउला जाऊन आठवड्याची भाजी आणायची. झाड बघायला वेळ कुणाला? बाबांना ते तिसऱ्या दिवशी दिसलं.

बाबा म्हणजे वरुडकडचे. कृषी खात्यात कृषी सहायक म्हणून जन्म गेला, आणि स्वतःची पन्नासेक संत्र्याची झाडं. माणसांची नावं विसरतील, पण कुठल्या गावात कुणाच्या बागेत कुठलं झाड कोणत्या रोगानं गेलं ते तोंडपाठ. त्या वर्षी जानेवारीत आई गेली. पोटाचा कॅन्सर होता. डिसेंबरात कळलं आणि सहा आठवड्यांत सगळं आटोपलं. मी पोचले तेव्हा आईला नेऊन दोन दिवस झाले होते. मार्चचं तिकीट हातात होतं माझ्या. आईनंच सांगितलं होतं, "मार्चात ये, मृगाचा संत्र्याचा माल निघालेला असेल, तोवर मी ठणठणीत होते." मी इथून फोनवर "सेकंड ओपिनियन घ्या, मुंबईला न्या" असल्या ऑर्डरी सोडत होते. फोनवरून सगळे शहाणे असतात. पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. आईला स्वतःच्या अंगाचं काही कळलं नसेल का? कळलं असेल, तर तिनं मला बोलावलं का नाही? हे मी कुणाला विचारलं नाही, नितीनलाही नाही. आतल्या आत तिच्यावर रागावून बसले. गेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे भिंतीशी भांडणं, पण रागावले खरी.

मे महिन्यात बाबांना बळंच इकडे आणलं. दिवसभर सोफ्यावर. टीव्ही लावून दिला तर टीव्हीकडे तोंड करून बसत, बंद केला तरी तिकडेच तोंड. नितीन, माझा नवरा, म्हणायचा, "अगं, त्यांना बाहेर काढ, फिरायला पाठव." म्हणून मी तिसऱ्या दिवशी त्यांना कुंपणामागच्या पायवाटेवर सोडलं. अर्ध्या तासात परत येतील म्हटलं, तर दोन तास झाले तरी पत्ता नाही. शेवटी दारात उभे. कपाळाला घाम, आणि चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी होतं.

"वैशू, त्या झाडाला डिंक्या झाला. कोणी पाहूनच नाही राहिलं का वं?"

मी म्हटलं, "कुठल्या झाडाला?"

"कुठल्या म्हणजे? एवढं हत्तीएवढं झाड, अन् तू म्हणतेस कुठल्या! चल, दाखवतो."

गेले. सालीच्या भेगांतून काळपट तांबडा चीक ओघळत होता, खाली वाळून डाग पडले होते. एका अंगाची पानंही विरळ झालेली. बाबांनी बोटानं चीक पुसला, नाकाशी नेला, बोटांत चोळला. संत्र्याच्या झाडाला डिंक धरला की ते अगदी असंच करायचे. लहानपणी मी त्यांच्यामागे बागेत फिरायची. बहर धरलेल्या बागेचा तो गोडसर वास, पायाखाली तापलेली काळी माती, आणि बाबा एकेका खोडाशी उकिडवे बसलेले. रोगट साल पातीनं खरडायची, मग मोरचूद आणि चुना खलून केलेलं बोर्डो मलम कमरेइतकं लावायचं. निळसर पांढरी खोडं रांगेत उभी राहिली की आई म्हणायची, "झाले बाई सगळे पोट्टे शाळेत जायला तयार." बाबांची नखं तेव्हा आठवडाभर निळी असत.

त्यानंतर त्यांचं सगळं बदललं. सकाळी उठून आंघोळ, चहा, आणि झाड. कोटाच्या खिशातल्या वहीत कुठल्या बाजूला किती भेगा, त्यातल्या किती वाहतात, हे लिहून आणायचे. पायवाटेवर मार्गारेट म्हणून सत्तरीची बाई रोज कुत्रा फिरवायला यायची, तिला हातवारे करून समजावायचे. बाबांचं इंग्रजी म्हणजे सरकारी परिपत्रकातलं. वाचता सगळं यायचं, पण इथल्या माणसांच्या तोंडातून निघालेलं एक अक्षर कानात शिरायचं नाही. ती बिचारी "ओह डिअर, ओह डिअर" म्हणायची, आणि बाबा घरी येऊन सांगायचे, "तिलेही पटलं."

त्यातच पाऊस गायब झाला आणि कौन्सिल, पाणीवाले, सगळ्यांचे कागद दारात पडायला लागले, होजपाइप वापरू नका म्हणून. बाबांनी कागद वाचला आणि त्यांना जोरच चढला. "बादलीबद्दल काही लिहिलं नाही." आम्हा दोघांच्या आंघोळीचं पाणी टबात साठवायचं, बादल्यांत भरायचं, आणि बाजाराच्या चाकवाल्या ट्रॉलीत ठेवून संध्याकाळी शेतात न्यायचं. हिंदकळत हिंदकळत निम्मं पाणी वाटेतच सांडायचं. शेकडो वर्षांचं झाड आणि त्याला दोन बादल्या साबणाचं पाणी! मी चिडले. "बाबा, अहो काय हसं करून घेताय? त्याची मुळं पाताळात गेलीत, तुमच्या दोन बादल्यांनी काय होतंय?" ते म्हणाले, "काही नाही होत. म्हणून काय हातावर हात ठेवून बसू?" तेव्हा कळलं नव्हतं, पण ते माझ्याशी झाडाबद्दल बोलतच नव्हते.

मग एका शुक्रवारी म्हणाले, "तुझ्या मागच्या प्लमच्या झाडाले थोडं औषध आणू." गार्डन सेंटरला नेलं. तिथं फळीवर ‘बोर्डो मिक्श्चर’ असं छापलेले डबे बघितले आणि माणूस विरघळलाच. "अवं, आपलं बोर्डो! इथंही तेच!" परदेशात सख्खा भाऊ भेटावा तसे ते त्या डब्यावरून हात फिरवत होते. सहा डबे घेतले. एका प्लमच्या रोपट्याला सहा डबे. मला तिथंच समजायला हवं होतं. कदाचित समजलंही होतं. पण इतक्या महिन्यांनी बाबा हसले होते, आणि त्या हसण्याच्या आड यायची माझी छाती झाली नाही.

शनिवारी स्लाउला ओळखीच्यांकडे बारसं होतं. बाबा म्हणाले डोकं दुखतंय, तुम्ही जा. संध्याकाळी परत आलो तर कोपरापर्यंत निळे हात, निळी पँट, सिंकमध्ये माझी चांगली सुरी सालीनं बरबटलेली, आणि नितीनचा भिंती रंगवायचा ब्रश कामातून गेलेला. बाबा ताट वाढून घेऊन शांतपणे जेवत होते. पोटभर जेवले त्या दिवशी, दोनदा भात घेतला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं पाहायला गेलो. त्या अवाढव्य खोडाला जमिनीपासून छातीइतका आकाशी पांढरा पट्टा. चारी बाजूंनी, ढोलीच्या कडेसकट, एक बोटभर जागा सोडली नव्हती. आमच्या बागेत ते किती शहाण्यासारखं दिसायचं! इथं त्या पिवळ्या पडलेल्या शेतात म्हाताऱ्या माणसाला कुणी बळजबरीनं मोजे घातल्यासारखं दिसत होतं. मार्गारेट तिथं उभी होती. रडत होती. रागावलेला इंग्रज माणूस आधी सॉरी म्हणतो, तशी तीही म्हणाली. मग म्हणाली, या झाडाखाली तिचं लग्न ठरलं, नवऱ्याची राखही इथंच टाकली, आणि आता कुणी टारगट पोरांनी हे असं केलं. मी जमिनीकडे पाहत होते. बाबा मात्र पुढे झाले, छातीवर हात ठेवला आणि स्पष्ट म्हणाले, "आय. मेडिसिन." त्यांना वाटलं ती आनंदानं रडतेय.

बुधवारी कौन्सिलचा झाडांचा ऑफिसर आला. बरोबर शेताचा मालक. मला वाटलं आता पोलीस, दंड, आणि बाबांचा व्हिसा सगळंच आलं. झाड संरक्षित होतं, त्याची फांदी तोडायलासुद्धा परवानगी लागायची. पण माणूस भला निघाला. खोडाभोवती फिरला, सालीवर टकटक केली, बाबांची वही हातात घेऊन पानं उलटली. मराठी आकडे त्याला काय कळणार, पण मन लावून पाहिली. मग हलक्या आवाजात मला म्हणाला, की हे झाड आम्हाला माहीत आहे, दोन-तीन वर्षांपासून ते जातंय. याला काहीच करता येणार नाही. वडिलांना सांगा, पुन्हा साल खरडू नका, आता त्याला त्याच्या वेळेनं जाऊ द्यायचं.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. लहान मूल निकालाच्या दिवशी बघतं तसे. "काय म्हणते साहेब?"

मी म्हटलं, "म्हणतात औषध बरोबर लावलंय. रोग थांबेल. पण आता पुन्हा हात लावायचा नाही, झाड आपलं आपण सावरेल."

माझ्या तोंडून ते कसं आलं, मला आजही सांगता येणार नाही. ठरवून नाही आलं. बाबांनी निळ्या नखांचे दोन्ही हात पुढे केले, ऑफिसरचा हात धरला आणि "थँक यू सर, थँक यू सर" करत राहिले. तो गोंधळून माझ्याकडे बघत होता. आत्ताच तर त्यानं झाड मरणार म्हणून सांगितलं होतं, आणि हा म्हातारा आभार मानतोय. मी त्यालाही काही सांगितलं नाही. दोन भाषांच्या मधे मी एकटी उभी होते आणि दोन्हीकडे खोटी पडले होते.

इथल्या लोकांचं हे "जाऊ द्यायचं" मला अजून जमत नाही. त्यात शहाणपण आहे, मला कळतं. पण आमच्या घरात प्रेम म्हणजे काहीतरी करणं. ताप आला की कपाळावर पट्टी, झाड वाळलं की बादली, कुणी रडलं की चहा. काही करता येत नाही म्हटलं की आमचे हात कुठे ठेवायचे तेच आम्हाला कळत नाही. ऑक्टोबरात बाबा परत गेले ते चांगले सावरून गेले. निघायच्या दिवशी झाडाशी जाऊन आले, मार्गारेटला नमस्कार करून आले. तोवर तीही निवळली होती. मी तिला सगळं सांगितलं होतं, आईचंही. ती एवढंच म्हणाली, "ही मस्ट हॅव लव्ड हर."

पुढच्या वर्षी झाडाला पानं आली, म्हणून माझं निभावलं. "कसं आहे झाड?" "छान आहे बाबा." अर्धं तरी खरं होतं. त्याच्या पुढच्या मेमध्ये आजूबाजूची सगळी झाडं भरली आणि हे तसंच, काटक्या आभाळाला लावून उभं. मी रोज जाऊन बघायची. एखादी तरी फूट दिसेल म्हणून मान दुखेपर्यंत वर बघायची. जून गेला, जुलै गेला. पाऊस तर त्या वर्षी असा कोसळत होता की बादल्यांची काही गरजच नव्हती. "कसं आहे झाड?" "मस्त, बाबा. पानं आलीत." नोव्हेंबरात एक मोठी फांदी पायवाटेवर कोसळली, आणि आठवड्याभरात करवतीवाले आले. ऑफिसात बसून मला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी तो अख्खा दिवस माझ्या कानात करवत चालू होती. घरी आले तर आभाळ रिकामं. त्या जागी आता एक ठेंगणं, सपाट खोड आहे, जेवायच्या टेबलाएवढं.

त्यानंतर बाबांनी फोटो मागितला. मी काय करावं? जुन्यातला एक शोधला, बाबांनी पट्टा लावला त्या उन्हाळ्यातला, छापून पोस्टानं पाठवला. एक खोटं झाकायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. फोटो मिळाला म्हणाले. छान आहे म्हणाले. मग महिन्याभरानं ते तिकीट, आणि पहिले झाड पाहीन.

काल जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडीत बसले आणि फोन लावला. काचा बंद, आत नुसती भट्टी. तिकडे संध्याकाळ होती, बाबा बॅग भरत होते. "लोणचं आणू का सांडगे? दोन्हीचं वजन नाही बसत."

मी म्हटलं, "बाबा, झाड नाहीये. पाडलं."

तिकडे बॅग सरकवल्याचा आवाज आला. मग, "कधी?"

"नोव्हेंबरात. तो ऑफिसर तेव्हाच म्हणाला होता, याला काही करता येणार नाही. मी तुम्हाला उलटं सांगितलं."

"ठाऊक आहे मले."

"कसं काय?"

"तू फोटो पाठवला ना. त्याच्यात पट्टा कसा कोरा करकरीत दिसून राहिला. एवढे पावसाळे बोर्डो टिकते का कुठं? एका हंगामात धुऊन जाते. जन्मभर तेच लावलं मी, मले कळणार नाही का?"

मला रडू आवरेना. "मग बोलला का नाहीत? पहिले झाड पाहीन काय, अन् काय!"

"म्हटलं, असं म्हटल्यावर तरी सांगशील. अन् तुले रागावू कोणत्या तोंडानं? मीही तेच केलं आहे."

मग त्यांनी सांगितलं. डिसेंबरात डॉक्टरनं त्यांना एकट्याला व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं की आता फार तर दीड महिना, काही करू नका, घरी न्या. ते आत आले तर आई केस विंचरून उठून बसलेली. विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? "मी म्हटलं, म्हणतात मृगाचा माल निघेपर्यंत बागेत फिरायला लागशील. इतकी खुश झाली वं ती. त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. मग मी म्हटलं, वैशूले बोलावून घेऊ का? तर म्हणे, आता कशाला, पोरीची रजा जाईल, मार्चात मी चांगली झाल्यावरच येऊ दे. आता तुले बोलावलं असतं तर तिले सगळं कळलं असतं. मग नाही बोलावलं. रोज वाटे, आज फोन करू, उद्या करू. तिनं नव्हतं अडवलं तुले, पोरी. मी अडवलं."

गाडीच्या काचेवर माझ्याच बोटांचा डाग पडला होता, त्याच्याकडे बघत बसले. साडेतीन वर्षं मी आईवर रागावून होते. आता त्या रागाचं काय करायचं ते कळेना. आईवरून तो उचलावा, तर ठेवायला समोर फक्त बाबा होते, एका हातात लोणच्याची बरणी आणि दुसऱ्यात सांडगे घेऊन उभे असलेले.

"मी चुकलो, वैशू," ते म्हणाले.

असू द्या बाबा, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. म्हणायला काय जात होतं! त्यांनाही बरं वाटलं असतं, कदाचित मलाही. पण बाबांशी आणखी एक खोटं मला बोलवेना.

"शनिवारी टर्मिनलच्या बाहेर उभी असेन मी," म्हटलं. "स्वेटर वर ठेवा, संध्याकाळी गार होतं." तेवढंच खरं होतं, तेवढंच सांगितलं.